तेलगोटे सरांनी स्वतः बसवलेला कमोड

देवमन तेलगोटे सर कोणाच्याही घरी गेले, की आधी भिंतीवरच्या फोटोंकडे बघतात. घरच्यांना वाटतं, सर फोटोतल्या माणसांची ओळख पटवताहेत. सर बघत असतात तो फोटो किती कललाय ते. थोडा वेळ ते धीर धरतात, मग उठतात, बोटाच्या टोकानं फ्रेम सरळ करतात आणि परत बसून म्हणतात, "हं, काय म्हणत होते तुमी?" अकोल्यातल्या आमच्या कॉलनीत त्यामुळे सर आले की चहा फार लवकर येतो. हातात कपबशी असली की माणूस उठत नाही.

सरांनी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवला. विद्यार्थ्यानं लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा, सरांनी त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, आणि मधून केसाएवढाही उजेड आला तर तुकडा परत करायचा, असा तो एकंदर व्यवहार. उजेड बहुतेक वेळा येई. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गुण्या सरांच्या हातातून सुटलेला नाही. आता तो दिसत नाही, इतकंच. पाहुण्यांचा स्वभाव, विहारातलं भाषण, शेजाऱ्याचं कंपाउंड, सर सगळ्याला शंभरापैकी मार्क देतात. बायकोच्या भाकरीला त्यांनी एकदा गोलाईत ब्याऐंशी दिले होते. मैनाबाईंनी परातीतला गोळा त्यांच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, "उरलेले अठरा तुमी थापून घ्या."

मैनाबाई पंचवीस वर्षं अंगणवाडीत होत्या. हट्टाला आलेल्यावर ओरडायचं नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यायचं आणि तेवढ्यात आपलं काम उरकायचं, हे त्या तिथं शिकल्या आणि घरी वापरत आल्या.

घर सरांनी पंच्याण्णव साली बांधलं. म्हणजे मिस्त्रीनं बांधलं. सर लेव्हल घेऊन त्याच्या मागं उभे होते. मिस्त्री दोन बदलले. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि कॉलनीतल्या बाकीच्या भिंतींवर तिनं आपले नकाशे काढून ठेवले आहेत. सरांच्या भिंतीवर सकाळी भेग दिसली तर संध्याकाळच्या आत बुजते. त्या घरात बेशिस्त अशी एकच वस्तू होती. स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यापुढं एक जाड लाकडी पाट कायम पडलेला असे. सर आठवड्यातून एकदा तरी त्याला ठेचकाळत, उचलून भिंतीला उभा लावत, आणि दुसऱ्या दिवशी तो परत ओट्यापुढं.

"वस्तू जागच्या जागी पाह्यजे," सर म्हणत.

"जागच्या जागीच हाये," मैनाबाई म्हणत.

तर या मैनाबाईंचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलला. ऑपरेशन अमरावतीला झालं, कारण मुलगी पौर्णिमा तिथं राहते. जावई नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, आता जन्मात उकिडवं बसायचं नाही, बसायला उंच पाहिजे. अकोल्याच्या घरात तर एकच संडास, अंगणात, आणि तोही जमिनीतल्या देशी भांड्याचा. म्हणून घरी कमोड बसेपर्यंत मैनाबाईंनी लेकीकडे राहायचं ठरलं.

लेकीचं घर चांगलं होतं. अडचण एवढीच, की तिथल्या संडासाचं दार थेट हॉलमध्ये उघडत होतं. मैनाबाई वॉकर वाजवत आत जात, वॉकर वाजवत बाहेर येत, आणि सोफ्यावर बसलेले जावई मान राखण्यासाठी तोंडासमोर पेपर धरत. पेपर कधी कधी उलटा असे. तिसऱ्या आठवड्यात मैनाबाईंनी पाणी प्यायचं कमी केलं. चौथ्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"अवो, कमोडचं काय झालं?"

"प्लॅनिंग चालू हाये."

"त्याच्यात प्लॅनिंग काय कराचं? संध्याले फोन करा. येते, बसवते, जाते."

संध्या खंडारे ही दोन गल्ल्या सोडून राहणारी पंचविशीतली मुलगी. सरांच्याच आयटीआयमधून तिनं प्लंबरचा ट्रेड केला. स्कूटीला आडवे पाइप बांधून ती हिंडते, आणि आमच्या कॉलनीतले निम्मे नळ तिच्या हातचे आहेत. सरांचं तिच्याबद्दल मत वाईट नव्हतं. ती मुलगी आहे यालाही त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या वर्कशॉपमधूनही मुली शिकून गेल्या होत्या, आणि उजेड त्यांच्याही तुकड्यांतून आला होता. हरकत निराळी होती. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. प्लंबरचा एक.

"दोन वर्षाच्या ट्रेडनं एक वर्षाच्या ट्रेडले बलवाचं?" सर म्हणाले. "लोक काय म्हणतीन?"

"लोक काय आपल्या संडासात येऊन राह्यले पाहाले?" मैनाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पाहा, मले इथं लय दिवस झाले. जावई चांगला हाये, म्हणून अजूनच लाज वाटते. येत्या रविवारी मी येऊन राह्यली. त्या दिवशी मले माह्या घरी, माह्या संडासात, कोणाचा हात न धरता जाता आलं पाह्यजे. नाई जमलं, त पोर्निमाच्या गाडीत तशीच परत जाईन. मंग एकदम दिवाळीलेच येईन."

"रविवारले सहा दिवस हायेत. तीन दिवसांचं काम हाये," सर म्हणाले.

त्या दिवशी सरांनी ड्रॉइंग काढलं. जॉब डायरीचं नवं पान, वर ठळक अक्षरांत 'जॉब क्र. १ : कमोड बसविणे'. वरून दिसणारं चित्र, समोरून दिसणारं चित्र, उभा छेद. दरवाज्याची रुंदी, टाइलची जाडी, बाहेरच्या चेंबरच्या झाकणाचा व्यास, सगळं मिलिमीटरमध्ये. भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा एकच आलं, याचीही नोंद केली. दुकानदारानं "कोणता देऊ?" असं विचारल्यावर सरांनी त्याला डायरी दाखवली. दुकानदारानं आदरानं ती पाहिली आणि समोर जो होता तो दिला. चार पानांच्या त्या सगळ्या कामात माणूस कुठं नव्हता. तांत्रिक ड्रॉइंगमध्ये माणूस काढायची पद्धत नाही.

मंगळवारी जुनं भांडं काढायचं होतं. डायरीत लिहिलं होतं, 'भांडे अखंड काढणे, ४५ मिनिटे.' भांडं निघालं दीड दिवसात आणि सतरा तुकड्यांत. सरांची त्यात चूक म्हणता येणार नाही. ज्या हातांनी एकतीस वर्षं केसाएवढं घासायला शिकवलं, त्यांना फोडणं म्हणजे परकी भाषा. ते छिन्नी लावत, एक ठोका देत, फुंकर मारून धूळ उडवत, आणि किती निघालं ते बघत. ठक, फू. ठक, फू. शेजारी बसून ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी दाताचा डॉक्टर म्हशीवर उपचार करतोय.

घरातला एकुलता संडास असा उघडा पडल्यावर सरांना शेजारी जाणं भाग होतं. शेजारी महादेवराव आणि गोदाबाई. महादेवरावांची बाळापूरकडे शेती, राहणं इथं. मन मोठं, आणि तीच अडचण. आमच्याकडे माणूस कोणत्याही कामासाठी घरात आला तरी त्याला चहाशिवाय जाऊ देत नाहीत, आणि काम कोणतं होतं हे यात धरलं जात नाही. सर सकाळी सहाला जात, बाहेर येत, तर चहा तयार. तो घेतल्यामुळे साडेआठला परत जावं लागे. परत चहा. बुधवारी दुपारपर्यंत हे चक्र इतकं घट्ट बसलं, की सर ज्या कामासाठी येत ते काम चहा निर्माण करत होता, आणि चहा त्या कामामुळे मिळत होता. कपबशी रिकामी होऊन परत भरण्याच्या मधल्या काळात गोदाबाईंच्या हॉलमधले गणपतीपासून नातवापर्यंत सगळे फोटो सरळ झाले.

"मास्तर," महादेवराव शेवटी म्हणाले, "तुमचा संडास व्हयेपर्यंत माह्या घरचं दूध आटून जाईन. त्या पोरीले काहून नाई बलवत?"

"महादेवराव, तुमी तुमच्या वावरात दुसऱ्याले पेरू देता का?"

"देतो ना. ट्रॅक्टरवाला पेरते. मी धुऱ्यावर बसून पाहतो."

सरांनी कप खाली ठेवला आणि एक फोटो सरळ केला, जो सरळच होता.

बुधवारी दुपारी खरा तांत्रिक प्रश्न उभा राहिला. संडासाच्या भांड्याखाली पाइपाला एक वाकण असतं. त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. जुन्या भांड्याखाली तो होताच. नव्या कमोडच्या पोटातही एक असतो. मग जुना काढायचा की ठेवायचा? सरांनी विचार केला. फिटरच्या कामात महत्त्वाच्या ठिकाणी एका नटावर भिस्त ठेवत नाहीत, त्याच्या पाठीशी दुसरा चेक नट आवळतात. सरांनी जुना ट्रॅप ठेवला. तो ठेवल्यामुळे कमोड वर उचलावा लागला, म्हणून विटांचा सहा इंच उंच ओटा बांधला आणि त्यावर टाइल लावली. डॉक्टरांनी उंच पाहिजे म्हटलंच होतं. एका कामात दोन कामं साधली, याबद्दल सरांनी स्वतःला डायरीत पाच मार्क जादा दिले.

गुरुवारी चाचणी झाली. नळाचा दिवस शुक्रवारी होता, तरी सरांनी टाकीतलं बादलीभर पाणी त्यासाठी खर्च केलं. पाणी आत गेलं, थांबलं, थोडं वर आलं, आणि मग कुठं जायचं यावर विचार करत राहिलं. सरांनी घड्याळ लावलं. अकरा मिनिटांनी ते गेलं. सरांनी नोंद केली, 'निचरा : समाधानकारक (सावकाश).'

संध्याकाळी अमरावतीहून फोन आला.

"झालं का?"

"फिनिशिंग चालू हाये."

"पाणी जाते का?"

"जाते."

"कधी?"

सरांनी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला. मैनाबाईंनी मग गोदाबाईंना फोन केला. गोदाबाईंनी जे सांगितलं त्यात एकही आकडा नव्हता, तरी मैनाबाईंना सगळं समजलं. शुक्रवारी दुपारी सरांच्या फाटकाशी स्कूटी थांबली.

"जय भीम, सर," संध्या म्हणाली.

"जय भीम. कोणं बलवलं तुले?"

"कोणंच नाई, सर. इकून चालली होती."

"आडवा पाइप बांधून?"

"पाइप त राह्यतेच, सर."

तिनं आत जाऊन कमोडमध्ये अर्धा मग पाणी टाकलं आणि कान लावून उभी राहिली. डॉक्टर छातीला लावतात तसं. मग वळून म्हणाली, "सर, खालचा जुना ट्रॅप काढला का?"

"मुद्दाम ठेवला. डबल सेफ्टी."

"सर, आता दोन ठिकाणी पाणी साचते, आन् मधात हवा कोंडून राह्यली. तिले जाले जागा नाई, म्हणून ते पाण्याले जाऊ देत नाई."

"चेक नटाचं तत्त्व हाये ते," सर म्हणाले. "एकाच्या मागं एक."

"हाव, सर. पन नटाले वाहून जाचं नसते."

हा मुद्दा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार संध्यानं काम केलं. कमोड उतरवला, ओट्याच्या मधून वाट काढून जुना ट्रॅप काढला, सरळ पाइप टाकला, कमोड परत वर बसवून बोल्ट आवळले. सर बॅटरी धरून उभे होते. मधूनमधून ते "जरा डावीकडं" असं म्हणत, आणि ती "हाव, सर" म्हणून होतं तसंच ठेवी. शेवटी सरांनी कमोडवर लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध होता. लेव्हल बिघडली असेल म्हणून सरांनी ती हलवून परत ठेवली. बुडबुडा परत मधोमध. संध्यानं फ्लश दाबला. पाणी असं गेलं, की महादेवराव कंपाउंडवरून "झालं वाट्टे!" म्हणून ओरडले.

हत्यारं भरता भरता संध्यानं विचारलं, "सर, आता हा ओटा लागत नाई. काढून खालीच बसवू का? काकूची उंची किती हाये?"

चेंबरच्या झाकणाचा व्यास सरांना पाठ होता. कॉलनीतल्या विजेच्या खांबाची उंची, विहाराच्या पायऱ्यांची संख्या, अकोला ते चांदूर रेल्वे किलोमीटर, सगळं त्यांनी झोपेतून उठून सांगितलं असतं.

"मध्यम," सर म्हणाले.

"मध्यम म्हंजे?"

सरांनी हात आपल्या खांद्यापाशी धरला. मग थोडा खाली आणला. मग आणखी थोडा. मग तो खिशात घातला. पुढच्या खोलीतल्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता, अगदी सरळ, पण त्यात दोघंही खुर्च्यांवर बसलेले होते.

"डॉक्टरनं उंच सांगतलं हाये. ओटा राहू दे."

"बरं. पन एक करा, सर. बुडाशी पांढरं सिमेंट नोका भरू. नुसतं बोल्टवर राहू द्या. काकूले एकदा बसू द्या, मंग सोमवारी मी येऊन भरून देते. टेलर नाई का, ट्रायल झाल्यावर पक्की शिलाई मारत? तसंच हाये."

ती गेली. सर एकटे उरले, आणि त्यांच्यासमोर नवाकोरा कमोड, आणि कमोड व टाइल यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची फट.

सरांनी ती फट बघितली. दार लावून बघितली, खिडकी उघडून बघितली. पलीकडून बॅटरी लावली, तर उजेड आरपार आला. ज्या फटीसाठी त्यांनी एकतीस वर्षं पोरांना जागेवर परत पाठवलं, ती स्वतःच्या घरात सोमवारपर्यंत ठेवायची? बायको येणार, शेजारी बघायला येणार, आणि काम अर्धवट? सरांनी पाच मिनिटं सहन केलं. मग पांढरं सिमेंट कालवलं, बोटानं भरलं, ओल्या फडक्यानं पुसून धार काढली, आणि वर ओलं पोतं टाकून ठेवलं. काम इतकं सुबक झालं की कमोड तिथंच उगवला असावा असं वाटे. डायरीत अंतिम मार्क: शंभरापैकी अठ्ठ्याण्णव. भांडं फुटल्याचे दोन कापले.

रविवारी अकराच्या सुमारास पौर्णिमाची गाडी आली. मैनाबाई वॉकर घेऊन उतरल्या. सर बॅग काढायला डिकीकडे गेले.

"राहू द्या तिले आतच," मैनाबाई म्हणाल्या. "पह्यले मले पाहू द्या."

त्या आत गेल्या. कडी लावायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून दार नुसतं लोटलं. बाहेर अंगणात सर, पौर्णिमा, गोदाबाई आणि महादेवराव निकाल लागायची वाट बघत असल्यासारखे उभे राहिले. गोदाबाईंनी पदर सावरला. बराच वेळ गेला. आवाज काही नाही.

"आई?" पौर्णिमा म्हणाली.

"अवो!" आतून हाक आली. ती पौर्णिमासाठी नव्हती.

सर दाराशी गेले. "काय?"

"पाय लटकून राह्यले."

"काय?"

"पाय! जमिनीले टेकत नाई. मले जोर लावता येत नाई, उठता येत नाई. बसली हावो इथं, झाडावर बसल्यावानी."

"अवं, डॉक्टरनं उंच—"

"डॉक्टरनं मले पाहून सांगतलं. तुमी कोणाले पाहून बसवलं?"

महादेवराव एकाएकी आपल्या कुंडीतल्या तुळशीकडे बघायला निघून गेले. पौर्णिमा आत जायला निघाली, तर आतून आवाज आला, "कोणी येऊ नोका. मी हात धरून उठणार नाई म्हणून सांगतलं होतं." सर घरात धावले आणि हत्यारांची पेटी घेऊन आले. पेटीचा आवाज मैनाबाईंच्या ओळखीचा होता.

"पान्हा नोका आणू. तो पाट द्या."

"कोणता पाट?"

"ओट्यापुढचा."

सर स्वयंपाकघरात गेले. पाट ओट्यापुढं नव्हता. महिनाभर बायको घरी नव्हती, त्यामुळे तो जिथं सरांनी ठेवला होता तिथंच, भिंतीला उभा, सरांच्या मते जागच्या जागी होता. सरांनी तो उचलला. पाटावर एकाशेजारी एक असे दोन खोलगट डाग होते, मधोमध, टाचा आणि चवडे वेगळे ओळखू येतील इतके घासलेले. एवढं घासायला कानस लावली असती तरी बराच वेळ लागला असता. सरांनी सवयीनं बोट लावून पाटाची जाडी बघितली. मग ओट्याकडे बघितलं. ओटा त्यांच्या कमरेला लागत होता. पंच्याण्णव साली मिस्त्रीनं "किती उंच घेऊ, साहेब?" असं विचारलं, तेव्हा खूण करण्यासाठी भिंतीला पाठ लावून उभे राहिले होते ते सर स्वतः.

"आणता का बनवून राह्यले?" अंगणातल्या संडासातून आवाज आला.

सर धावत गेले. तोंड भिंतीकडं करून, दाराच्या फटीतून त्यांनी पाट आत सरकवला. आत पाट टेकल्याचा आवाज आला, मग श्वास घेतल्याचा, मग फ्लशचा. मैनाबाई दार ढकलून बाहेर आल्या. वॉकर धरलेला होता, माणूस कोणीही धरलेलं नव्हतं.

"पोर्निमा, बॅग उतरव," त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "पन हे असं रोज चालणार नाई. पाट सरकते. उद्या संध्याले बलवा."

"बलवतो," सर म्हणाले. या शब्दावर त्यांनी एकही अट घातली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी सरांनी मैनाबाईंना खुर्चीवर बसवलं, पाय पुढं करायला लावला, आणि स्टीलची पट्टी घेऊन जमिनीवर बसले. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत. साडेसदतीस सेंटिमीटर.

"नीट मोजा," मैनाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तीनदा मोजा. तुमची पद्धत हाये ना."

सरांनी तीनदा मोजलं.

सोमवारी संध्या आली आणि कमोडच्या बुडाशी वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली.

"भरलं तुमी, सर."

"भरलं."

"फिनिशिंग लय चांगली हाये, सर," ती म्हणाली, आणि आठवडाभरात सरांना सगळ्यात जास्त लागलं असेल तर हे.

आता पंचाईत अशी होती, की घट्ट झालेलं पांढरं सिमेंट छिन्नीनं फोडायला जावं तर कमोडच फुटतो. संध्या म्हणाली, नवीन आणावा लागेल बहुतेक. सर उठून आत गेले आणि करवतीचं एक सुटं पातं घेऊन आले. त्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं, आणि जमिनीवर मांडी घालून ते त्या दोन मिलिमीटरच्या फटीत चालवायला लागले. पुढं जाताना दाब, मागं येताना नुसतं सरकवणं. इथं फोडायचं काही नव्हतं, घासायचं होतं. साडेतीन तास लागले. या वेळी बॅटरी संध्यानं धरली होती. कमोड उचलला तेव्हा त्याच्या बुडाचा एक टवकाही उडालेला नव्हता.

"मले नसतं जमलं हे, सर," संध्या म्हणाली.

"दोन वर्षाचा ट्रेड हाये, बाई," सर म्हणाले; पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता, आणि ते लगेच ओट्याच्या विटा उचलायला लागले.

कमोड खाली आला. मैनाबाईंचे दोन्ही पाय आता जमिनीला टेकतात. पांढरं सिमेंट त्या बसून उठल्यावर संध्यानं भरलं. सर तेवढा वेळ अंगणात थांबले होते, हात पाठीमागं बांधून, कोणाला कळू नये म्हणून एका हातानं दुसरा धरून.

जॉब डायरीत त्यानंतर एक नवीन पान आहे. वर फक्त 'मैना' असं लिहिलंय. टाच ते गुडघा. जमीन ते कोपर. जमीन ते खांदा. एकूण उंची : चार फूट साडेनऊ इंच. पुढं कंसात 'मध्यम' असं लिहून खोडलेलं. त्याखाली एक वजाबाकी, आणि तिचं उत्तर पाच इंच, दोनदा अधोरेखित. आणि पान उलटलं की ठळक अक्षरांत, 'जॉब क्र. २ : स्वयंपाकघराचा ओटा खाली आणणे. अंदाजे अवधी : तीन दिवस.'

पंधरा दिवसांनी, एका बुधवारी सकाळी, मैनाबाई पुढच्या खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. आतून आवाज आला. ठक. मग फू. मग परत ठक.

त्यांनी मेथी बाजूला ठेवली, हात पुसले आणि फोन घेतला.

"संध्या, कुठी हायेस, बाई? नाई, नाई, कमोड चांगला हाये. यायनं गॅसच्या ओट्याले हात लावला. हाव, आत्ताच. गडबड नोको करू, पन आज येजो. आन् पाह्य, इकून चालली होती असं सांगू नोको. मी बलवलं म्हण. आता चालते यायले."

भिंतीपलीकडे गोदाबाईंनीही ती ठकठक स्वयंपाकघरातून येताना ऐकली, आणि काही न विचारता परातीत दोन माणसांची कणीक जास्तीची घेतली.